तारापूर अमेरिकेचं, मग पुढच्या अणुभट्ट्या आपण कशा बांधल्या?

बोईसरकर: लहानपणापासून तारापूरची चिमणी बघतोय. १९६९ला सुरू झालं, पण त्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या ना? मग गरीब देशाने पुढचं स्वतः कसं जमवलं?

जडपाणी: तारापूर १-२ म्हणजे तयार माल, त्यांना समृद्ध युरेनियम (म्हणजे ज्यात फुटणाऱ्या युरेनियम-२३५चं प्रमाण वाढवलंय असं) लागतं आणि ते तेव्हा अमेरिकेकडूनच यायचं, म्हणजे नाडी त्यांच्या हातात. म्हणून पुढे जड पाण्याच्या (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी) अणुभट्ट्या धरल्या, त्यात नैसर्गिक युरेनियम चालतं, समृद्धीकरणाची भानगडच नाही. पण जड पाणी बनवणं पण काही सोपं नाही हां! राजस्थानात रावतभाट्याला कॅनडा मदत करत होता, १९७४ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि ते निघून गेले, दुसरी अणुभट्टी आपल्या लोकांनी पूर्ण केली, १९८१ उजाडलं त्याला.

बोईसरकर: म्हणजे लाथ बसली म्हणून शिकलो 😄

चहाबिस्किट: अर्धंच खरं. माणसं आधीपासून तयार होती, भाभांनी १९४५लाच टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था काढली, १९५६ला ट्रॉम्बेत अप्सरा ही संशोधनाची अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचं होतं, पण अणुभट्टी आपल्या लोकांनी बांधली. माझ्या मते आधी माणसं, मग मशीन, हाच खरा डाव होता.

खडूस_काका: कौतुक पुरे, एवढं करून देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. आणि केरळच्या वाळूतल्या थोरियमपासून अणुइंधन करून मिळणार होती ती वीज? आमचे केस पिकले वाट बघून.