टर्टुलियनच्या 'मोनोगामिया'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा
सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचे लग्नाविषयीचे विचार, असा एक लेख मराठीत करतेय. त्यात कार्थेजच्या टर्टुलियनचं 'दे मोनोगामिया' हे पुस्तक आलं. मी बिनधास्त 'एकपत्नीत्व' लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, खोडा. एका वेळी दोन बायका हा त्याचा मुद्दाच नाही, रोमन कायद्यात त्या तशाही चालत नव्हत्या. त्याचं म्हणणं असं की जोडीदार मेला तरी दुसरं लग्न नाही. पुरुषाने नाही आणि बाईनेही नाही. मग काय लिहू? 'एकविवाह' वाचला की सरकारी फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

जुनी खोड
बिजवर होऊ नये, एवढंच ना? 'बिजवरबंदी' करा :)
पण खरंच, मराठीत शब्द आहेत हो. प्रथमवर, बिजवर. आजीच्या तोंडी "तिला दुसरेपणावर दिली" असायचं, म्हणजे नवरा बिजवर आणि पोरगी पहिलटच. विधवेने पुन्हा संसार मांडला तर तो पाट, त्याला लग्न म्हणायलाही जुनी माणसं तयार नसत. दोघांच्या दुसऱ्या लग्नाला मिळून एकच शब्द लागेल अशी वेळच आपल्याकडे आली नाही. टर्टुलियनला दोन्ही सारखीच खटकतात, तिथे तुमची पंचाईत.

किनाऱ्यावरचा
बायबलमधल्या 'पहिले तीमथ्य' या पत्रात, ३:२ मध्ये, मंडळीचा अध्यक्ष 'एका स्त्रीचा पती' असावा असं आहे. लहानपणी चर्चमध्ये ते ऐकलं की मला सरळ राम आठवायचा. पण ५:९ बघा. मंडळीच्या विधवांच्या यादीत घ्यायची बाई साठीच्या आतली नसावी आणि ती 'एका पतीची पत्नी' झालेली असावी. आता त्या काळात कुठल्या बाईला एकदम दोन नवरे असणार? म्हणजे इथे तरी अर्थ 'एकदाच लग्न झालेली' असाच. मग ३:२ ला वेगळा अर्थ का लावायचा? आणि खरी मेख पुढे, ५:१४ मध्ये. तरुण विधवांनी लग्न करावं असं तेच पत्र सांगतं. ऐकून जिने केलं, तिने साठीनंतर यादीची आशा सोडायची?

जुनी खोड
ही आवड ख्रिस्ती लोकांनी नव्याने आणली असंही नाही. जुन्या रोमन बायकांच्या थडग्यांवर 'युनिविरा' कोरलेलं असे, एकाच नवऱ्याची. फक्त ते कौतुक बायकांपुरतं होतं.

शुद्धमती
'सकृद्विवाह' लिहा. सकृत् म्हणजे एकदा. मनूचं 'सकृत्कन्या प्रदीयते' सगळ्यांना माहीत आहे. तयार शब्द असताना बोलीतले बिजवर-पाट कशाला?

कानामात्रा
सगळ्यांना म्हणजे कुणाला, ताई? छापखान्यात त्याचं 'सुकृत' होईल. शिवाय मनूचा तो नियम मुलीपुरता, बापाने तिला एकदाच द्यायची. इथे पुरुषालाही तोच काच आहे.
आणि अजून एक अडलंय. ३२५ च्या नायसिया परिषदेचा आठवा नियम. कडक पंथातून परत येणाऱ्या पाळकांनी लेखी द्यायचं, की 'दिगामोस' लोकांशीही आम्ही संबंध ठेवू. म्हणजे दोनदा लग्न केलेल्यांशी. इतकी त्यांची शिवाशिव चालत असणार.

जुनी खोड
असणारच. दुसऱ्या शतकात अथेनागोरास या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या लग्नाला 'सभ्य व्यभिचार' म्हटलंय. पौल बिचारा करिंथकरांना सांगून गेला होता, नवरा मेल्यावर बाई मोकळी आहे, हवं त्याच्याशी लग्न करो, फक्त प्रभूमध्ये. पण शिष्य गुरूच्या पुढे.

शुद्धमती
बोलीचाच हट्ट असेल तर असो. निदान पुढे 'ब्रह्मचर्य' लिहू नका. तो आश्रम आहे, वेदाध्ययनाचा. त्यानंतर माणूस गृहस्थ होतो. आयुष्यभर लग्न न करण्याला तो शब्द चुकीचा.

किनाऱ्यावरचा
आमच्या वसईत फादरांविषयी सर्रास 'ब्रह्मचर्य' म्हणतात, कुणी वेद शिकायला निघालेलं नसतं. आणि तुमच्याच शास्त्रात 'नैष्ठिक ब्रह्मचारी' आहे ना, आजन्म राहणारा?

शुद्धमती
आहे, पण तो गुरूच्या घरी राहतो. अध्ययन सुटत नाही.

जुनी खोड
सिरियाक भाषेतल्या ख्रिस्ती लोकांनी बरं केलं, 'ईहीदाया' म्हणाले. एकटा, एकला. चौथ्या शतकातला अफ्राहात व्रतस्थांना हाच शब्द वापरतो आणि ख्रिस्तालाही हाच, 'एकुलता एक' या अर्थाने. लग्न न करणाऱ्याला एवढा मान मराठीत कुठला? आपल्याकडे सडाफटिंग.

किनाऱ्यावरचा
बायकांसाठी गोव्याचा 'आंकवार' घ्या की. आंकवार मोरी म्हणजे कुमारी मरिया.

शुद्धमती
तो 'कुमारी'चाच अपभ्रंश.

जुनी खोड
मग पुढचा 'आं' कुठून आला? 'अ' लागला तर अर्थ उलटा व्हायला हवा.

शुद्धमती
तो नकाराचा 'अ' नाहीच. स्वर नुसता चिकटलाय. 'स्नान'चं 'अस्नान' होतं तसा.

जुनी खोड
तिथे जोडाक्षर आहे म्हणून जीभ अडते, ताई. 'कु' म्हणायला कुणाची अडते?