नरक्या वाचवायला बुरशी पुरेल?

रानभूल: सह्याद्रीत नरक्या या औषधी झाडाची चोरटी तोड वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या रसायनापासून टोपोटेकन, इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं बनतात. २००५ साली जम्मूतल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्याच आत राहणारी बुरशी वेगळी काढली आणि तीही कॅम्प्टोथेसिन बनवते असं दाखवलं. मग टाक्यांत बुरशी वाढवा ना! सरकारने यात पैसा ओतायलाच हवा.

परीक्षानळी: ओतून झालाय की, जगभर. १९९३ मध्ये अमेरिकेत मोंटानातल्या यू झाडाच्या सालीतली बुरशी टॅक्सॉल हे कर्करोगावरचंच औषध बनवते म्हणून केवढा गाजावाजा झाला. मिळालं किती? लिटरमागे २४ ते ५० नॅनोग्रॅम! आज बरंचसं टॅक्सॉल झाडाच्याच पेशी वाढवून काढतात.
कॅम्प्टोथेसिनचं दुखणं वेगळं. ते बनवणाऱ्या एका चिनी झाडातल्या फ्युजेरियम बुरशीचा २०११ मध्ये छडा लागला. कॅम्प्टोथेसिन टप्प्याटप्प्याने बनतं, त्या साखळीतलं एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) तिच्याकडे नाहीच, ते काम झाडाचं एन्झाइम करतं. त्यात झाडावेगळी, बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या अगारच्या जेलीवर ती वाढवत, या ताटलीतून त्या ताटलीत नेत गेलात की काही पिढ्यांत उत्पादन घसरतं.

रानभूल: पेनिसिलिनही आधी चिमूटभरच मिळायचं. अमेरिकेतल्या पिओरिया गावात खरबुजावरची बुरशी सापडली, तिची जात सुधारली, तेव्हा कुठे भरघोस निघालं.

परीक्षानळी: ती बुरशी सगळं स्वतःच्या जिवावर बनवत होती हो. इथे मुळातच घोडं अडलंय.

भिंगवाला: सरसकट निकाल नको. उष्ण प्रदेशातल्या आयपोमिया असारिफोलिया या वेलीवर बुरशीनाशक मारलं, तर तिच्यातली अल्कलॉइडं, म्हणजे अर्गट या धान्यावरच्या बुरशीत असतात तसली रसायनं, नाहीशी झाली. म्हणजे तिथे खरी कारागीर बुरशीच. पण तीही वेलीवाचून ताटलीत वाढेना. रानभूल, टाकीचं स्वप्न तिथेही लटकलेलंच.

आंबोलीकर: तुमचं टाकीपुराण चालू द्या. माल मुळांत आणि सालीत जास्त, म्हणून चोर झाड मुळासकट उपटतात. झाड गेलं की आतल्या बुरश्याही गेल्या, त्यातल्या कित्येक कुणी पाहिल्याही नसतील. आधी रोपवाटिका काढा, मालकी रानात लागवड करू द्या, खरेदी उघड्यावर आणा.

रानभूल: लागवडीला माझा विरोध कुठे आहे? पण रोप वाढून माल द्यायला वर्षं जातात, तोवर रुग्णांनी काय करायचं? हरवलेलं एन्झाइम जनुक घालून बुरशीला देता येईल की नाही, एवढं तरी तपासा.

परीक्षानळी: तपासा, जरूर. फक्त त्यासाठी सरकारकडे पैसा मागाल त्या अर्जात 'नरक्या वाचेल' असं लिहू नका.