तयार कलम आणावं की शेतात भरावं?

निफाडचा मळा: जानेवारीत दोन एकर नवी थॉमसन द्राक्षबाग लावायची आहे. घरात दोन तट पडलेत. थोरले बंधू म्हणतात, नर्सरीतून तयार कलमं आणा, वर्ष वाचेल. माझं मत उलट आहे: नुसता डॉगरिज खुंट (मुळांसाठी लावायची चिवट जातीची वेल) लावायचा, पावसाळाभर वाढू द्यायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जागेवरच त्यावर थॉमसनच्या काडीचं पाचर कलम भरायचं. तोवर जमिनीत मूळ बसलेलं असतं, त्यामुळे रिकटनंतर, म्हणजे कलमाची वाढ खाली छाटल्यावर, फूट जोरात निघते आणि खोड, मांडवावरचा आडवा ओलांडा एकाच हंगामात उभे राहतात. पटत नसेल तर खोडून काढा.

तासगावकर: खोडतो. सगळी कलमं जगतील असं तुम्ही धरूनच चाललाय. हवा कोरडी असली, काडी कच्ची असली किंवा भरणाऱ्याचा हात घाईचा असला की डोळा फुटत नाही. मग नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा, भरत बसा. एका ओळीत निम्मी झाडं मांडवावर, निम्मी बांबूलाच. छाटणी एकाच दिवशी होते, पण घड दोन अवस्थांचे येतात. जीएची डिपिंग, म्हणजे वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, कुणाकडे बघून करणार? तयार कलमाचा जोड निदान डोळ्यांनी बघून घेता येतो.

निफाडचा मळा: जोड दिसतो, मूळ दिसतं का? पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी वेटोळं करून बसतात. वर पानं टवटवीत, म्हणून आपण खूश!

तासगावकर: गाडी भरायच्या आधी दोन-चार पिशव्या फाडा की. नर्सरीवाला नको म्हणाला तर दुसरा गाठा.

सोलापूरची काळी: दोघंही जोडावरच अडलात. खुंट कोणता, हे कुणी विचारतच नाही. क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून डॉगरिज आपल्याकडे रुजला, पण भारी काळ्या जमिनीत, वर नत्राचा हात सैल असला, की तो नुसता पाला करतो. आत सावली पडते, काडीत घड कमी धरतात. तिथे ११० आर हा दुसरा खुंट आवरात राहतो. शिवाय पिशवीवर लिहिलं तोच खुंट आत असेल याची खात्री काय? डॉगरिजच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी लव असते, ११० आरचं पान गुळगुळीत, चकचकीत. तयार कलमात खुंटाचं पानच उरत नाही, मग ओळखणार कशावरून? या एका मुद्द्यावर मी निफाडकरांच्या बाजूनं.

तासगावकर: आणि शेतात भरताना डोळकाडी, म्हणजे खुंटावर भरायची काडी, कुठून आणता? शेजाऱ्याच्या बागेतून, फुकट मिळते म्हणून. पानं वळवणारा लीफरोल विषाणू असलेली काडी छाटून हातात घेतली तर काही कळत नाही. कलमातून तो तसाच पुढे जातो, वर मिलीबग (पिठ्या ढेकूण) पसरवायला आहेच. चांगली नर्सरी काडीसाठीच्या मातृवेली तरी वेगळ्या ठेवते.

निफाडचा मळा: चांगली नर्सरी! डोळकाडी मी माझ्याच बागेतून घेणार आहे, गेल्या हंगामात माल असताना खुणा बांधून ठेवलेल्या वेलींची. आणि ते वाचणारं वर्ष? जानेवारीत लावलेल्या तयार कलमाचा ओलांडा ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत पुरता भरत नाही. त्यावरच घड धरले तर पुढच्या एप्रिल छाटणीला फूट दुबळी निघते.

तासगावकर: मग धरू नका घड त्या ऑक्टोबरात. तो दोष हावेचा, कलमाचा नाही.

निफाडचा मळा: म्हणजे वर्ष वाचलंच नाही. बंधूंना हाच मेसेज दाखवतो.