चांदीचा जमाखर्चही बघा
मिसरमधून (इजिप्तमधून) निघालेल्या इस्राएली लोकांत वीस वर्षं आणि त्यावरचे पुरुष ६,०३,५५० होते, असं बायबल सांगतं. 'हा आकडा नकलकाराच्या चुकीने फुगला असणार' हे वरचं मत मला अजिबात पटत नाही. बायबलातल्या 'निर्गम' पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात निवासमंडपाच्या (इस्राएलींच्या तंबूवजा उपासनास्थानाच्या) चांदीचा जमाखर्च दिलाय. वीस वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल (शेकेल हे वजनाचं माप), एकूण जमा १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, तेव्हा झाले ३,०१,७७५. दुप्पट करा, बरोब्बर ६,०३,५५०! १०० किक्कारांच्या १०० बैठका (मंडपाच्या सांगाड्याखालचे पाये) ओतल्या, उरलेल्या चांदीत खांबांचे हूक केले, इथपर्यंत हिशेब लागतो. लिहिणाऱ्याला हाच आकडा म्हणायचा होता.

तो इतिहास म्हणून स्वीकारायचा का, हा वेगळा प्रश्न. तिथे खरी अडचण बायबलातल्याच 'गणना' पुस्तकात ३:४३ मध्ये (अध्याय ३, वचन ४३) आहे आणि तिच्याकडे इथे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. एक महिन्याच्या वरचे प्रथमजन्मलेले मुलगे फक्त २२,२७३. म्हणजे सत्तावीस प्रौढ पुरुषांमागे एक ज्येष्ठ पुत्र, लहान मुलगे धरले तर प्रमाण आणखी विचित्र. एकेका आईला इतके मुलगे? 'मिसर सोडल्यानंतर जन्मलेलेच मोजले' असं काही भाष्यकार म्हणतात, पण वचनात तशी अट कुठेच नाही.