कारगिलहून परतलेल्या चुलत्यांची झोप उडाली आहे. इतक्या वर्षांनी उपचार होतो का, आणि मराठवाड्यात कोठे?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

नमस्कार. माझे चुलते सैन्यातून हवालदार पदावरून निवृत्त झाले. १९९९ साली त्यांची पलटण द्रास भागात होती आणि तोलोलिंगच्या लढाईत त्यांच्या डोळ्यांदेखत जवळची माणसे गेली, एवढेच आम्हाला त्यांच्या एका सोबत्याकडून समजले. त्यांनी स्वतः घरात त्याविषयी कधी शब्द काढला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एका बँकेत सुरक्षारक्षकाचे काम केले. ती नोकरी सुटल्यावर ते शेतातल्या आखाड्यावर राहायला गेले आणि तेव्हापासून त्यांचे वागणे बदलत गेले.

रात्री ते झोपत नाहीत. बॅटरी घेऊन बांधाबांधाने फिरतात, कुत्रे भुंकले की त्या दिशेला जाऊन येतात आणि जेवायला बसतानाही पाठ भिंतीला व तोंड दाराकडे, अशीच बैठक घेतात. शेजारच्या शिवारात विहिरीचे काम निघाले आहे. तेथे पहिला सुरुंग उडाला तेव्हा त्यांनी अंगणात खेळणाऱ्या नातवाला खाली ओढले आणि गव्हाणीच्या आड त्याच्यावर पालथे पडून राहिले. लेकरू रडत होते, पण धूळ बसेपर्यंत त्यांनी त्याला सोडले नाही. नंतर कोणाशीही न बोलता ते उसात निघून गेले.

कॅन्टीनमधून मिळणारी रम आता महिना संपण्याआधीच संपते. भावकीतले लोक म्हणतात की हे बाहेरचे आहे, देवऋषीला दाखवा. काहींच्या मते नुसती दारू सोडवली की झाले, त्यासाठी पंढरपूरला नेऊन माळ घालावी. गावाला त्यांचा फार अभिमान आहे. दरवर्षी २६ जुलैला शाळेत त्यांचा सत्कार होतो आणि मुलांना युद्धाचे अनुभव सांगण्याचा आग्रह धरला जातो. यंदा ते भाषणाला उभे राहिले आणि काही न बोलता मंडपातून बाहेर पडले.

हा युद्धाचाच परिणाम असू शकतो का? असल्यास इतक्या उशिरा कसा दिसतो, आणि डॉक्टरांकडे जाण्याचा विषय त्यांच्यापुढे काढायचा तरी कसा?

बालाघाट (मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती, बीड जिल्हा)

आपण जे लिहिले आहे ते वाचून काळजी वाटली, आणि आपण ते इतके बारकाईने पाहिले याचे बरेही वाटले. निदान प्रत्यक्ष तपासणीनंतर डॉक्टरच करतील. परंतु सतत पहारा दिल्यासारखे जागे राहणे, स्फोटाच्या आवाजासरशी शरीराने आपोआप आडोसा शोधणे आणि त्या काळाचा विषय निघताच तेथून उठून जाणे ही आघातोत्तर तणावविकाराची, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात त्याची, ओळखीची लक्षणे आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा सैनिकांविषयी ‘शेल शॉक’ या नावाने लिहिले होते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल जगासमोर आल्यावर १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी हा आजार स्वतंत्र निदान म्हणून स्वीकारला. शूर माणसाला तो होत नाही, हा समज खरा नाही.

उशिरा दिसण्याचेही कारण आहे. पलटणीत दिवसाचा प्रत्येक तास बांधलेला असतो, भोवती तेच भोगलेली माणसे असतात आणि मन त्या चौकटीच्या आधाराने स्वतःला सावरून धरते. बँकेच्या दारातील पहाऱ्यानेही त्यांना गणवेश, वेळ आणि जबाबदारी दिली होती. ते सगळे सुटले, आखाड्यावरची एकांत रात्र वाट्याला आली, आणि इतकी वर्षे दाबून ठेवलेले वर आले. लक्षणे अनेक वर्षांनी उफाळणे हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही.

दारूबाबत मात्र घाई करू नका. झोप लागावी आणि स्वप्ने पडू नयेत म्हणून ते पीत असावेत, परंतु दारूमुळे झोप तुटक होते आणि आजार बळावतो. रोज बरीच दारू घेणाऱ्या माणसाने ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतते. माळेवर त्यांची श्रद्धा असेल तर ती जरूर घालावी, पण दारू सोडण्याची तारीख डॉक्टरांना विचारून ठरवावी. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्याही आणू नयेत. दारूवर त्या घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो.

उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. प्रशिक्षित तज्ज्ञ त्या प्रसंगाकडे रुग्णाला टप्प्याटप्प्याने, त्याच्या संमतीने परत नेतात आणि त्या आठवणीची पकड सैल करतात. सर्ट्रालिनसारखी औषधेही दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही असे म्हणून ती सोडू नयेत. शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, मराठवाड्यात नाही, आणि ही उणीव आम्हाला रोज जाणवते. परंतु आपल्या चुलत्यांना मनोरुग्णालयाची गरज आहे असे वरील वर्णनावरून वाटत नाही. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, लातूर, अंबाजोगाई किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अथवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, येथील बाह्यरुग्ण विभागातून सुरुवात करता येते. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. रुग्णाच्या वतीने आपणही फोन करू शकता.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, तरी विचारते. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी त्यांनी घेतलेली परवान्याची बंदूक घरात आहे का? असल्यास ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. फवारणीची औषधेही आखाड्यावर न ठेवता दुसरीकडे कुलपात ठेवा. जगण्याचा कंटाळा आला असे काही त्यांच्या बोलण्यात येते का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे.

निवृत्त नायब सुभेदार (नांदेड)

राम राम. वरील ताईंनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी आमच्या बाजूने लिहितो. आपल्या चुलत्यांना डॉक्टरांविषयी जो संकोच असेल, त्याचे मूळ नोकरीत आहे. सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ठरवताना मानसिक स्थितीचाही स्वतंत्र रकाना असतो, आणि श्रेणी खाली आली की बढतीवर परिणाम होतो हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. त्यामुळे झोप येत नाही, हात थरथरतात, हे कोणी सांगत नाही. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यांना एवढे स्पष्ट सांगा की आता कोणतीही श्रेणी खाली येणार नाही आणि पेन्शनला धक्का लागणार नाही.

‘तुमच्या डोक्याला काहीतरी झाले आहे’ अशी सुरुवात चुकूनही करू नका. झोपेबद्दल बोला, रक्तदाब तपासून येऊ म्हणा. झोपेची तक्रार घेऊन दवाखान्यात जाण्यात कोणत्याही फौजीला कमीपणा वाटत नाही. शक्य असेल तर ज्या सोबत्याकडून आपल्याला तोलोलिंगचे कळले, त्यांनाच आठ दिवस आखाड्यावर मुक्कामाला बोलवा. घरच्या दहा माणसांनी समजावून जे होत नाही, ते तेथे बरोबर असलेल्या एका माणसाच्या ‘चल, मीही दाखवून आलो’ या वाक्याने होते. माझ्या बाबतीत असेच झाले. श्रीलंकेतून परतल्यानंतर मी अनेक वर्षे टायर फुटला तरी घामाघूम होत असे, आणि मला दवाखान्यात नेले ते माझ्याच कंपनीतील एका माणसाने.

शाळेला मात्र आजच कळवा की पुढील वर्षी सत्कार करायचा तर शाल-श्रीफळ द्यावे, युद्धाची गोष्ट मागू नये. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. मुलांपुढे ती गोष्ट सांगणाऱ्याला त्यांतले काही चेहरे दिसत असतात, हे मागणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

गोदातीर (परभणी)

मी माजी सैनिकाची पत्नी आहे. आपण चुलत्यांविषयी सविस्तर लिहिले, पण काकूंविषयी एक ओळही नाही, म्हणून लिहीत आहे. त्या आखाड्यावर त्यांच्यासोबत राहतात का? रात्री त्यांची झोप होते का? अशा घरात बाई भांडे पडू नये म्हणून जपते, पाहुण्यांना परस्पर वाटेला लावते, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून दिवस कसा जाणार हे ओळखते. ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, पत्नीलाही उपचार मिळतो आणि त्यात मानसोपचार येतो, हे मला फार उशिरा कळले.

त्यांना झोपेतून उठवायचे असेल तर अंगाला हात लावू नका. पायथ्याशी थोडे दूर उभे राहून नावाने हाक मारा आणि ते पूर्ण जागे झाल्याशिवाय जवळ जाऊ नका. ही गोष्ट नातवंडांनाही सांगून ठेवा. विहीर खोदणाऱ्यांना विनंती करा की सुरुंग उडवण्याआधी निरोप पाठवावा. आधी माहीत असलेला आवाज त्यांना तितका घाबरवत नाही, हा आमच्या घरचा अनुभव आहे.

भूकंपग्रस्त (औसा तालुका)

देवऋषीचा सल्ला देणाऱ्या भावकीला किल्लारीची आठवण करून द्या. ३० सप्टेंबर १९९३ नंतर आमच्या घरातील वडीलधारी माणसे पक्के घर मिळूनही कित्येक वर्षे अंगणातच झोपत होती. रस्त्यावरून जड ट्रक गेला की उठून बाहेर धावत होती. त्यांना कोणी झपाटलेले म्हटले नाही, कारण त्यांनी काय पाहिले ते सगळ्या तालुक्याला माहीत होते. आपल्या चुलत्यांनी जे पाहिले ते गावाने पाहिलेले नाही, फरक इतकाच आहे.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बंदूक घरात आहे. ती जमा करण्याविषयी मी काकूंशी बोललो आहे. त्या आखाड्यावरच राहतात आणि त्यांनाही झोप नाही, हे विचारल्यावर समजले. चुलत्यांच्या सोबत्यांना फोन केला, ते येतो म्हणाले आहेत. आता दोन शंका उरल्या आहेत. उपचारांची बातमी गावात पसरेल अशी काकूंना भीती आहे. दुसरे म्हणजे, लष्करी व्यवस्थेतून उपचार घ्यायचे झाल्यास आधी कोठे जावे लागेल?

बालाघाट

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टर किंवा रुग्णालय त्यांची माहिती गावाला किंवा भावकीला देऊ शकत नाही. काकूंना हे निश्चितपणे सांगा. फोनवर सुरुवात करणे सोपे वाटत असेल, तर सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष आहे, त्याची चौकशी १४४१६ वरच करा.

निवृत्त नायब सुभेदार (नांदेड)

आधी जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तेथील डॉक्टर तपासून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याचे पत्र देतात आणि त्या पत्रावर ईसीएचएसकडे नोंदणीकृत रुग्णालयात उपचार होतात. आधी परस्पर खाजगीत दाखवून नंतर बिल मंजूर करून घेणे फार जिकिरीचे जाते. सोबत ईसीएचएस कार्ड, आधार, डिस्चार्ज बुक आणि चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या घ्या. कार्ड जुने झाले असेल किंवा काकूंचे नाव त्यात नसेल, तर लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी कार्यालयात विचारा, ते पुढचा मार्ग सांगतील.

पुढे पीटीएसडीचे निदान झाले, तर त्याच कार्यालयात अपंगत्व पेन्शनविषयीही चौकशी करा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. निवृत्तीला बरीच वर्षे झाली असल्याने हा दावा सोपा नाही, त्यामुळे त्याची आशा चुलत्यांना आधीच दाखवू नका आणि त्यासाठी उपचार थांबवूही नका. सोबती आखाड्यावर आले की त्यांच्याकडून मला फोन करवून घ्या. आपल्याला खाजगी संदेशात क्रमांक पाठवला आहे.