स्नायुपेशी, स्नायुतंतू की आणखी काही?

कानामात्रा
शरीरशास्त्राची तोंडओळख करून देणारी छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. एकाच परिच्छेदात मसल टिश्यू, मसल सेल आणि मसल फायबर असे तिन्ही येतात. मी स्नायू ऊती, स्नायुपेशी, स्नायुतंतू असं केलं. तपासणाऱ्या बाई हिंदी आवृत्तीही बघतात. त्यांनी 'स्नायुपेशी'खाली दोन रेघा ओढल्या, कारण हिंदीत पेशी म्हणजे मसल आणि स्नायू म्हणजे लिगामेंट, नाहीतर नर्व्ह. ते निस्तरेन. माझी अडचण तिसऱ्या शब्दाची आहे. हाडाला जोडलेल्या स्नायूत एक फायबर म्हणजे एक अख्खी सेलच ना? मग पेशी आणि तंतू दोन्ही लिहिले तर वाचणाऱ्याला त्या दोन निराळ्या वस्तू वाटतील.

जुनं बाड
बाईंचं बरोबर आहे. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. पेशी म्हणजे मांस, स्नायू म्हणजे बांधणारे दोर. फळ्यांची नाव दोरांनी आवळली की माणसांचा भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेत, असं तिथे सरळ लिहिलंय. मराठीने दोराचं नाव मांसाला दिलं आणि मांसाचं सेलला. 'मांसपेशी' लिहा, वाद मिटेल.

रेघोट्या
मिटेल कसला! मराठी वाचक मांसपेशी म्हणजे मांसातली सेल असंच वाचणार. सुश्रुतांना सेल ठाऊकच नव्हती. हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात कप्पे दाखवले तेव्हा कुठे हे नाव आलं. नव्या वस्तूला जुना शब्द दिला, बिघडलं काय? आणि 'स्नायू आखडला' म्हणणारा माणूस लिगामेंटबद्दल बोलत नसतो.

ओपीडीवाला
पेशी तर आणखी एक घर पुढे सरकलीय. डेंग्यूच्या साथीत 'पेशी कमी झाल्या' म्हणजे फक्त प्लेटलेट. गंमत अशी की त्या धड पेशीही नाहीत, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे सुटलेले तुकडे आहेत. 'पेशी वीस हजारांवर आल्यात' असं नातेवाईक सांगतात तेव्हा 'कुठल्या पेशी' हे विचारावं लागत नाही. बिंबिका हा पुस्तकातला शब्द मला ओपीडीत एकदाही भेटलेला नाही.

कानामात्रा
आणि तंतूचं काय?

ओपीडीवाला
हो, एक तंतू म्हणजे एकच पेशी. अनेक पूर्वपेशी एकमेकींत मिसळून ती होते, म्हणून लांबलचक आणि पुष्कळ केंद्रकांची. हृदयातल्या पेशी मात्र आखूड, फांद्या फुटलेल्या, केंद्रक एखाददुसरं. त्यामुळे दोन्ही शब्द लागतील. पहिल्यांदा तंतू आला की तिथेच 'ही एक लांब पेशीच' एवढं लिहून टाका. फक्त पुढे मज्जातंतू आला की पंचाईत. तिथे तंतू म्हणजे अख्खी पेशी नाही, तिचा लांब धागा. शिवाय अशा धाग्यांच्या जुडग्यालाही आपण मज्जातंतूच म्हणतो.

रेघोट्या
मुळात मज्जातंतूत मज्जा कुठे असते? शाळेच्या पुस्तकांनी चेतासंस्था केलं ते उत्तम केलं.

जुनं बाड
कोणाच्या चेता दुखतात हो? मज्जारज्जू, मज्जासंस्था पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. लॅटिनमध्ये मेड्युला म्हणजे मज्जाच, आणि इंग्रजीतही कण्यातल्या दोरीला पूर्वी स्पायनल मॅरो म्हणत. त्यांना चाललं ते आपल्याला का खुपावं?

पाठांतर
आम्ही तर 'शुद्ध रक्ताची रोहिणी, अशुद्ध रक्ताची नीला' घोकलं. पुढे कळलं की हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी नेमकी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते! रक्ताच्या रंगावरून नावं ठेवली की हे होणारच. धमनी बरी. धम् म्हणजे फुंकणे. ग्रीकांनाही आर्टरीत हवा असते असं वाटे, कारण मेलेल्या देहात त्या रिकाम्या सापडत. आपल्याकडेही तोच समज असणार.

जुनं बाड
'असणार' वर व्युत्पत्ती चालत नाही. चरकसंहितेत ध्मानावरून धमनी आणि सरणावरून सिरा अशी फोड दिलीय. ध्मान म्हणजे हवाच कशावरून? नाडीचं उडणंही असू शकेल. आणि त्या सिरेचीच आपली शीर झाली.

ओपीडीवाला
आणि त्या शिरेने सगळ्यांनाच पोटात घेतलं. इंजेक्शनला शीर सापडत नाही, ती व्हेन. कमरेत शीर दबते, ती नर्व्ह. टाचेमागची घोडशीर म्हणजे टेंडन. पेशंट तिन्हींना शीर म्हणतो आणि आमचं काही अडत नाही.

रेघोट्या
तुमचं अडत नाही, कारण तो बोट ठेवून दाखवतो. छापील पानावर बोट कुठून आणायचं?

पाठांतर
घोडशीर? आमच्या घरी घोडनस म्हणायचे. पण त्यात घोड्याचा काय संबंध?