मदत हवी आहे: ‘फँड्री’ बघताना मुलं हसली, आता चर्चा कशी करू?
ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा मुलांसाठी सिनेमा लावते. गेल्या शनिवारी जातिभेदावरचा ‘फँड्री’ (2013) दाखवला. 20-22 मुलं, वय 13 ते 16. त्यातला गावकुसाबाहेरचा मुलगा जब्या वर्गातल्या, वरच्या जातीच्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे फिरतो तिथे सगळी रमली होती. पण शेवटी जब्याच्या घरच्यांना सगळ्यांसमोर डुकरं पकडावी लागतात तो प्रसंग आला आणि पडद्यावरच्या गावकऱ्यांबरोबर आमची मुलंही खो खो हसायला लागली. जब्याने दगड भिरकावला तरी दोघं-तिघं हसतच होती. एक मुलगा मात्र मध्येच उठून घरी गेला. त्याचाच विचार डोक्यातून जात नाही.

‘कसा वाटला?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच. नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्यातही ‘शेवट कळला नाही’. मी रागावले नाही. अवघडल्यावरही माणूस हसतो.

येत्या रविवारी तासभर पुन्हा बसतोय. आईवडील नसतील. पूर्ण सिनेमा परत दाखवता येणार नाही, आणि त्या मुलाकडे बोट जाईल असं काही नकोच.

मुलांना हा सिनेमा दाखवलेल्या कुणी सांगाल का: तो प्रसंग पुन्हा लावून जातीबद्दल थेट बोलावं, की आधी त्यांच्या हसण्याबद्दल विचारावं? आणि पहिला प्रश्न नेमका कोणता?